मगदुमांची चटणी

एकेचाळिसाव्या हुंगण्याला केतकी मगदूमला आई भेटली.

पुण्यात 'शिगोशीग बाजार' या दुकानसाखळीच्या प्रयोगशाळेत ती डोक्यावर मऊ टोपी घालून बसली होती. नाकासमोरच्या नळीतून यंत्र दर मिनिटाला एक वास सोडी. मेंदूत उठणारे तरंग वाचून टोपी ठरवी, हा वास ओळखीचा किती आणि परका किती. परका वाटला की यंत्र धणे जरा कमी करी, लसूण जरा वाढवी आणि पुन्हा विचारी. या यंत्राचं नाव गंधवाचक आणि ते केतकीनेच बांधलेलं. पडद्यावरचा ओळख-अंक एकवीसपासून चढत चढत शंभरावर पोचला, तेव्हा तिला माहेरच्या घराचा ओटा दिसला, आईच्या मनगटावरचा भाजल्याचा डाग दिसला, आणि आईच्या अंत्यविधीलाही न रडलेली ही बाई सहकाऱ्यांसमोर हमसून हमसून रडली.

आई जाऊन चार वर्षं झाली होती. तिने केलेली चटणीची शेवटची बरणी केतकीने चमचा चमचा करत सात महिने पुरवली. बरणी संपली आणि हळूहळू वासही गेला. आईचा चेहरा आठवे, आवाज आठवे, पण नाकाशी काही येत नसे, आणि त्यावाचून आई अर्धीच राही. लोक पदव्यांसाठी, पैशांसाठी शोध लावतात. केतकीने लावला तो या हावेपोटी. कंपनीला तो ऐनवेळी कामाला आला, कारण कंपनीला कोल्हापुरात अडचण आली होती.

अडचण समजायची तर आधी चटणी समजली पाहिजे. कोल्हापुरात चटणी म्हणजे ताटात डावीकडे वाढतात ती नव्हे. उन्हाळ्यात मिरच्या, खोबरं, तीळ, कांदा, लसूण घालून कुटतात आणि वर्षभर प्रत्येक कालवणात घालतात, तो तिखटजाळ मसाला म्हणजे चटणी. मोरे माळ या वस्तीत ती कुटून मिळायची मालन सुतारच्या डंखावर. विजेवर वरखाली होणारे लोखंडी मुसळ आणि खाली उखळ, असं ते साधं यंत्र. मालनआक्काला प्रत्येक घराचं प्रमाण तोंडपाठ. पण माळावरची खरी रीत वेगळीच होती. हंगाम सुरू झाला की संपेपर्यंत उखळ धुवायचं नाही. मागच्या घराची चिमूटभर चटणी तळाशी राहायची आणि पुढच्या घराच्या चटणीत जायची. म्हणून नंबर ठरलेले असत. मगदुमांच्या आधी घोरपडे, आणि घोरपड्यांच्या आधी बागवान. बागवान आणि घोरपडे यांच्यात सामाईक भिंतीवरून दहा वर्षं अबोला होता, पण नंबर कुणी सोडला नाही. चव बिघडली असती ना.

अशा माणसांच्या दारात 'शिगोशीग'ने तीनमजली दुकान काढलं आणि तळमजल्यावर तयार चटणीची रास लावली. उद्घाटनाच्या सकाळी माळावरच्या बाया चुली घेऊन रस्त्यावर बसल्या आणि त्यांनी लवंगी मिरच्या भाजायला घेतल्या. धूर वाऱ्यावर थेट मांडवात गेला. पाहुणे खोकत खोकत गाडीत बसले, फीत कापायची राहिली ती राहिलीच. मग ठिय्या सुरू झाला. तालमीच्या पोरांनी तंबू ठोकला, बायांनी पाळ्या लावून घेतल्या, आणि तेवीस दिवस दुकानात चिटपाखरू फिरकलं नाही.

चोविसाव्या दिवशी कंपनीने माळावरच वाढलेल्या केतकीला पाठवलं. तिचं काम सोपं होतं. लोकांना सांगायचं, की तुमचं घराणं सोडायला तुम्हाला कुणी सांगत नाही. टोपी घाला, आणि तुमच्या आईच्या हातची चटणी कायमची मिळवा. आमच्या दुकानात प्रत्येक घराचं वेगळं पाकीट असेल, वर तुमचंच नाव.

पहिल्या दिवशी तिला शिव्या बसल्या. दुसऱ्या दिवशी सत्तरीतल्या एका मास्तरांनी गंमत म्हणून टोपी घातली आणि चाळिसाव्या वासाला ते लहान मुलासारखे रडू लागले. त्यांची आई जाऊन छप्पन्न वर्षं झाली होती. तिथून रांगच लागली. दोन आठवड्यांत दोनशे तेरा घरं टोपीखालून गेली, आणि एका सकाळी तालमीच्या पोरांनीच तंबू सोडला. केतकीला त्याचा आनंद झाला, खोटं कशाला बोला. आपल्याला मिळालं ते आपण गावाला दिलं, असंच तिला वाटत होतं.

राहिलं होतं एकच घर. मालनआक्का टोपीला हातही लावेना. "माझं डोकं माझ्यापाशीच बरं हाय," एवढंच म्हणाली आणि तिने केतकीकडे पाठ केली. लहानपणी जिच्या मांडीवर आपण खेळलो तिची पाठ बघून केतकीला वाईट वाटलं, पण ती पुण्याला परतली.

महिन्याभराने मेंदू-संशोधक फिरोझ तांबोळीने तिला आपल्या खोलीत बोलावलं. फिरोझ तिचा शिकत असल्यापासूनचा मित्र. गंधवाचकाची टोपी त्याने घडवलेली, बाकी यंत्र तिचं. त्याने पडद्यावर आकड्यांचा तक्ता लावला होता.

"माळावरच्या दोनशे तेरा घरांची शेवटची प्रमाणं," तो म्हणाला. "कुठलीही दोन बघ."

केतकीने दोन बघितली, मग दहा बघितली. सगळी सारखी होती. मिरची, लसूण, दगडफूल, शेकड्याला एकाचाही फरक नव्हता. ती म्हणाली, यात नवल काय, एकाच उखळातल्या चटण्या, पिढ्यानपिढ्या एकमेकींत मिसळलेल्या.

"मग पहिले अंकही सारखे असते," फिरोझ म्हणाला. "पहिला वास सगळ्यांना एकच देतो आपण, कंपनीचा तयार मसाला. त्याला कुणाचा अंक बारा आला, कुणाचा चौतीस. म्हणजे पहिल्या मिनिटाला ही घरं वेगळी होती. चाळिसाव्या मिनिटाला एक झाली. आणि कुठल्या मसाल्यावर एक झाली, तर आपल्याच. यंत्राने सुरुवातीचं प्रमाण थोडंसं इकडेतिकडे केलंय, बस. यंत्र वासापर्यंत गेलंच नाही, केतकी. माणसं वासापर्यंत आली."

तिला कळलं होतं, तरी तिने विचारलं, कसं.

"आठवण ही फडताळात घडी करून ठेवलेली वस्तू नाही. दर वेळी काढली की ती काही वेळ ओली होते, आणि पुन्हा वाळताना शेजारी जे असेल त्याचा रंग घेते. एखाद्या वेळी काढली तर एवढासा फरक पडतो, कळतही नाही. आपण चाळीस मिनिटांत चाळीस वेळा काढली. प्रत्येक वेळी शेजारी आपलाच मसाला होता, आणि आपण विचारत होतो, असाच होता ना, असाच होता ना."

"म्हणजे शंभर अंक..."

"खोटा नाही. त्या माणसाला तो वास शंभर टक्के ओळखीचाच वाटतो. पूर्वी वाटत नव्हता, एवढंच."

केतकीने तक्त्यात आपली ओळ शोधली. इतर दोनशे तेरांसारखीच होती.

"माझा पहिला अंक एकवीस होता," ती म्हणाली.

"हो," फिरोझ म्हणाला. "तेवढा एकच खरा होता."

जुनं खाली कुठे उरलं असेल का, हे तिने विचारलं. तो म्हणाला, नाही. जुन्या रंगावर नवा चढत नाही, जुनाच बदलतो. ती त्याच्याशी भांडली नाही. कुणाशी भांडायचं, यंत्र तिचंच होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती मोरे माळावर मालनआक्काच्या दारात उभी राहिली. डंखावर ताडपत्री टाकलेली होती. दीड महिना पट्टा फिरला नव्हता. आक्काने तिला आत ये म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. केतकी उंबऱ्यावर बसली आणि तिने सगळं सांगितलं, टोपी, तक्ता, ओली आठवण, काही लपवलं नाही. शेवटी म्हणाली, आक्का, तुमच्या डोक्यात आमचं प्रमाण अजून जसंच्या तसं आहे. माळावर तेवढी एकच जागा उरलीय. मला आईची चटणी कुटून द्या.

आक्काने तिला नीट न्याहाळलं. नातीच्या वयाच्या पोरीवर राग तरी किती दिवस धरायचा, असं काहीसं तिच्या तोंडावर आलं असावं.

"मगदुमांची म्हंजे आधी घोरपड्यांची कुटाय लागंल," ती म्हणाली. "नि घोरपड्यांच्या आधी बागवानांची. ऊठ, ताडपत्री काढ."

दुपारभर डंख चालला. आक्काने बागवानांची मूठभर कुटली आणि काढली, घोरपड्यांची कुटली आणि काढली, आणि न धुतलेल्या उखळात मगदुमांच्या मिरच्या ओतल्या. कागद नाही, तराजू नाही. हाताचा अंदाज आणि मधूनच ओठांची हालचाल. चटणी उतरली तशी तिने ती तळहातावर घेतली, हुंगली, आणि पदराने डोळे पुसले.

"तुझी आई, इंदूच आली बघ," ती म्हणाली.

तिने स्वयंपाकघरात नेऊन केतकीला पाटावर बसवलं. भाकरी मोडून दिली, चटणीत तेल कालवून पुढे ठेवलं. केतकीने डोळे मिटून वास घेतला. चटणी झणझणीत होती, खमंग होती, मन लावून केलेली होती. अनोळखी गावात लग्नाला गेल्यावर पंगतीत बसावं, तसं तिला वाटलं. तिने दुसरा घास घेतला, तिसरा घेतला. चांगली चटणी होती, कुणाच्या तरी घरची. या वासाची सवय करता येईल, हे तिला शास्त्र म्हणून ठाऊक होतं. सासरच्या चटणीची सवय पोरी करतातच की. पण ती सवय असेल, आई नसेल. तिने पुन्हा हुंगलं. आपण आठवणीला फार ओरबाडतोय असं वाटून तिने हात खाली घेतला.

एवढ्यात मागच्या दाराने शेजारच्या घरातली फोडणी आत आली. तिथल्या सुनेने कालवणात 'शिगोशीग'चं पाकीट फोडलं होतं.

केतकीचा घास हातातच राहिला. आई आली. ओल्या हाताने केस मागे सारत, जेवायला ये म्हणत, अख्खीच्या अख्खी आली, इतकी जवळ की केतकीला तिच्या पातळाचा ओलावा कळला. तिचे डोळे घळाघळा वाहू लागले.

आक्काने ते पाहिलं आणि तिचा सुरकुतलेला चेहरा उजळला. तिने ताटली केतकीच्या आणखी जवळ सरकवली आणि तिच्या पाठीवर हात ठेवला.

"वळखलीस न्हवं?" ती हळूच म्हणाली. "मला ठाव हुतं. आईची हाय, लेकीला कळणार न्हाई व्हय."

केतकीने मान डोलावली, आणि शेजारची फोडणी विरून जाईपर्यंत ती तशीच मागच्या दाराकडे तोंड करून बसून राहिली.