आधी इंजिन, मग पाणी

आधी एक सांगून टाकतो. हे घडलेलं आहे.

ज्याच्या बाबतीत घडलं तो माणूस आजही बाजारात पडदे विकतो. दुकानात जाऊन विचारलंत तर तो नाही म्हणेल. पण नाही म्हणताना तो खाली बघतो, आणि मी जे समजायचं ते त्यावरून समजलो.

सोमवारची संध्याकाळ होती. नुकते दिवे लागले होते. रस्त्यावर माणसं होती, कुणाच्या तरी घरात रेडिओ चालू होता. भुताखेतांना शोभेल अशी वेळ अजिबात नव्हती.

जागा म्हणजे तलावाच्या काठची एक पत्र्याची शेड.

शेड पडदेवाल्याच्या दादाची. दादा तिथे बोटी दुरुस्त करायचा आणि बोट क्लबची बचावाची वॉटर स्कूटर सांभाळायचा. स्कूटर जुनी, टू-स्ट्रोक, निळा धूर सोडणारी. तिला तो म्हातारी म्हणायचा. उभा जन्म पाण्यात काढलेला हा माणूस हिवाळ्यात दवाखान्याच्या कोरड्या खाटेवर गेला. मागे वहिनी उरली, शेडवरच्या खोलीत.

आता अडचण अशी होती की, शेड आणि खोली दोन्ही क्लबची. बचावाची स्कूटर जो चालती ठेवील, तो तिथे राहील. मोसमाआधी चाचणी ठरली होती, त्या सोमवारनंतरच्या रविवारी सकाळी. म्हातारी सुरू झाली तर वहिनी राहणार. नाही झाली तर वहिनीने सामान बांधायचं.

"वहिनी, मी आहे ना," पडदेवाला म्हणाला होता.

तो होता, हे खरंच. पण त्यापलीकडे त्याच्याकडे काही नव्हतं. लहानपणी दादाच्या हातात पान्हे दिले होते, एवढ्या भांडवलावर तो चारचौघांत इंजिनांबद्दल बोलायचा. भुतांवर त्याचा विश्वास नव्हता. स्वतःवर होता, आणि त्यालाही काही आधार नव्हता.

चूक झाली ती त्या सोमवारच्या आधीच्या शुक्रवारी दुपारी.

ही स्कूटर तलावाच्याच पाण्याने थंड राहते. ट्रॉलीवर, जमिनीवर चालवायची तर नळाचा पाइप जोडावा लागतो. त्यात एक क्रम असतो. आधी इंजिन सुरू करायचं, मग लगेच नळ सोडायचा. थांबवताना आधी नळ बंद, मग इंजिन. क्रम उलटा झाला तर धुराच्या वाटेने पाणी थेट सिलिंडरमध्ये शिरतं. बंद इंजिनात त्याला मागे ढकलणारं कुणी नसतं.

पडदेवाल्याने विचार केला, इंजिन तापायला नको. मोठ्या काळजीने त्याने पाइप बसवला आणि आधी नळ सोडला. हात धुतले, कपडे झटकले. मग स्टार्टर दाबला.

खट्.

परत दाबला. खट्. पुढे काहीच नाही.

आता तेव्हाच प्लग काढून पाणी उडवून दिलं असतं, आत ऑइल सोडलं असतं, तर विषय तासाभरात मिटला असता. पण ते त्याला माहीत नव्हतं, आणि कुणाला विचारायचं तर काय केलं ते सांगावं लागलं असतं. त्याने म्हातारीवर ताडपत्री टाकली. एखाद्याच्या तोंडावर चादर ओढावी तशी.

वर खोलीत वहिनीने विचारलं, काय झालं?

"दादाने गेल्या वेळी आतलं पाणी नीट काढलं नसावं," तो म्हणाला. "गंज धरलाय."

वहिनीने त्याच्याकडे बघितलं. मग म्हणाली, "असेल."

एवढंच.

तो चपला घालत होता तेव्हा क्लबच्या सेक्रेटरीचा फोन आला. गळ्यात कायम शिट्टी अडकवलेला माणूस. त्याच्यामागे सगळे त्याला शिट्टीच म्हणायचे. चाचणीचं विचारत होता. वहिनी आवाज खाली आणून बोलत होती. जिन्यात उभ्या असलेल्या पडदेवाल्याला एकच वाक्य ऐकू आलं.

"ह्यांच्याकडून राहिलं असावं हो. आजारी होते ना तेव्हा."

मेलेल्या माणसाच्या वतीने ती माफी मागत होती.

तो परत वर गेला नाही. बस चुकेल, असं त्याने स्वतःला सांगितलं. बसला अजून बराच अवकाश होता.

मग तो सोमवार. दुकान लवकर बंद करून तो आला. वहिनी बाजारात निघाली होती. फाटकातच भेटली, किल्ली देऊन गेली. त्याने धीर करून इंजिनाला ठिणगी देणारे दोन्ही प्लग काढले. भोकांतून तपकिरी पाणी ओघळलं. आत जे काही फिरायचं ते सगळं गंजलं असणार, एवढं पडदे विकणाऱ्यालाही कळतं.

त्याने बॅटरी काढली आणि टेबलावर चार्जिंगला लावली, उगाच काहीतरी केल्याचं समाधान म्हणून. प्लग शर्टाच्या खिशात टाकले. शेडला कुलूप लावलं आणि बाहेरच्या कट्ट्यावर बसला. वहिनीला आता काय सांगायचं याची जुळवाजुळव करत.

आणि तेव्हा...

आतून स्टार्टरचा आवाज आला.

त्याला वाटलं, शेजारच्या शेडमध्ये कुणी असेल. शेजारच्या शेडला बाहेरून कुलूप होतं.

परत तोच आवाज. मग एक ठसका... दुसरा... आणि इंजिन लागलं. टू-स्ट्रोकचा तो कोरडा, भरभर फुटाणे फुटल्यासारखा आवाज. एकसारखा. निवांत.

खिशात प्लग होते. त्याने वरून चाचपून बघितले. दोन्ही होते.

मग शेडच्या मागच्या भिंतीवरचा नळ करकरला.

तो नळ घट्ट होता. आपोआप फिरणारा नव्हता. पाइप फुगल्याचा आवाज आला, आणि फरशीवर बारीक धार पडू लागली. म्हातारीच्या कुशीतून पडते ती. पाणी आत नीट खेळतंय याची खूण.

किती वेळ गेला कुणास ठाऊक.

नळ पुन्हा करकरला. धार थांबली. इंजिन दोनदा जोरात गुरगुरलं, पोटातलं उरलंसुरलं पाणी बाहेर फेकायला...

मग शांत.

आधी पाणी बंद, मग इंजिन. बरोबर क्रमाने.

त्याने कुलूप उघडलं. तीन वेळा किल्ली पडली. आत कुणी नव्हतं. फरशी ओली होती. निळा धूर छताशी तरंगत होता. बॅटरी टेबलावर होती, तशीच तारा लावलेली. प्लगची भोकं उघडीच होती.

आणि छातीशी काहीतरी पोळत होतं.

खिशातले प्लग गरम झाले होते.

त्याला दरदरून घाम फुटला. पण भीतीने नाही. शाळेत कॉपी करताना मास्तर मागे येऊन उभे राहतात आणि काहीच न बोलता पुढे जातात. तेव्हा फुटतो तसा घाम.

दुसऱ्या दिवशी दुकानात वहिनीचा फोन आला. बाजारातून येताना म्हातारीचा आवाज ऐकला म्हणाली. "सुरू झाली वाटतं?"

खरं बोलायला एवढी चांगली संधी देवही देत नाही.

"हो," तो म्हणाला. "जरा खटपट केली."

रविवारी सकाळी क्लबची झाडून सगळी मंडळी धक्क्यावर जमली. पडदेवाल्याने प्लग बसवले, बॅटरी जोडली. म्हातारी पहिल्या दाबाला सुरू झाली. क्लबचा पोहणारा तिच्यावर बसून तलावाला दोन फेऱ्या मारून आला आणि म्हणाला, ही इतकी गोड कधी चाललीच नव्हती.

शिट्टीने सगळ्यांसमोर पडदेवाल्याच्या पाठीवर थाप मारली. "दादांनी शेवटी हयगयच केली होती. तुम्ही होतात म्हणून वाचली."

आता बोलायचं. तोंड उघडलं त्याने. खरंच उघडलं.

"तसं काही नाही हो," तो म्हणाला.

लोकांना तो विनय वाटला. दोघांनी तर कौतुकाने मान हलवली.

वहिनी पाण्याकडे बघत होती.

शेड राहिली. खोली राहिली. पडदेवाला क्लबचा मेकॅनिक ठरला आणि दर शनिवारी संध्याकाळी येऊ लागला. काम त्याला येत नव्हतंच. तो कार्बोरेटर उघडायचा, घाबरायचा आणि तसाच टाकून घरी जायचा. पुढच्या खेपेला कार्बोरेटर बसवलेला असे, जेट साफ केलेले, तारेला ग्रीस. त्याने हरवलेले स्क्रू फडक्यावर ओळीने मांडलेले. आजूबाजूचे बोटवाले त्याच्याकडे सल्ला मागायला येऊ लागले. तो "बघू" म्हणायचा. त्यावरून तो फार जाणकार आहे असं सगळ्यांचं मत झालं.

एकदाही काही फेकलं गेलं नाही. दार आपटलं नाही. गळा दाबायला कुणी आलं नाही. इतर लोकांची भुतं बघा, निदान चिडतात तरी. हा रोज संध्याकाळी येऊन, ज्याने त्याच्या नावावर खापर फोडलं त्याचंच काम करून जात होता.

मग एका शनिवारी पडदेवाल्याच्याने राहवेना. कुलपाबाहेर उभा राहून त्याने आतला तो निवांत आवाज ऐकला आणि दाराच्या फटीला तोंड लावून म्हणाला, "दादा... चुकलं माझं."

आवाज बंद.

तत्क्षणी. मध्येच तोडल्यासारखा. पाणी मात्र चालूच होतं. शेडच्या मागून कुणीतरी घाईघाईने नळ बंद केला. मग तो करकर आवाजही थांबला.

तो मागे धावला.

भिंतीशी वहिनी उभी होती. हात नळावर.

तिनेच सांगायला सुरुवात केली, अगदी रोजचं काही सांगावं तशी. हे आत इंजिन लावायचे आणि ओरडायचे, सोड. मग मी सोडायचे. इतकी वर्षं तेच. आता ओरडत नाहीत. पण कळतं मला. त्या सोमवारी मी बाजारात होते, नळही त्यांनाच सोडावा लागला.

"आणि शुक्रवारी वर होते मी," ती म्हणाली. "नळ आधी सुटला. मग खट्. ऐकलं मी."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले होते, भाऊजी."

ती रागावलेली नव्हती. तसं असतं तर त्याला केवढा आधार झाला असता. हात पदराला पुसत ती शेडच्या दाराकडे बघत राहिली. आत काही हलत नव्हतं. तलावावरून वारा येत होता, तेवढंच.

मग ती आवाज खाली आणून बोलली, घरात आलेल्या पाहुण्याला वाईट वाटू नये अशा बेताने.

"तुम्ही आता घरी जा. तुम्ही इथे असलात की ह्यांना अवघडल्यासारखं होतं."

तो गेला. फाटकापर्यंत मागे पूर्ण शांतता होती. फाटकाची कडी लावून तो रस्त्याला लागला आणि मग...

मग शेडमध्ये इंजिन लागलं. थोड्या वेळाने नळ करकरला.

त्याने चालायचा वेग वाढवला. घाबरून नव्हे. घाबरलेला माणूस निदान एकदा तरी मागे वळून बघतो.