यादीतलं सहावं नाव

रविवारी सकाळी स्मृतीकाकूंनी हजेरीची वही माझ्या हातात दिली तेव्हा मला अक्षरशः नाचावंसं वाटलं! कन्नड मुलखातल्या येलहंक्याच्या आमच्या सोसायटीत काकू दर रविवारी मराठी शाळा भरवतात. दहावीत गेल्यापासून मी तिथे छोट्यांची ताई. एरवी ‘प्रेझेंट मिस’ म्हणणारी पोरं इथे ‘हजर!’ असं किंचाळतात, ते मला भारी आवडतं. आणि आज तर गुहेची अख्खी सहल माझ्या ताब्यात. काकू फक्त व्हॅनमध्ये बसून राहणार, गुडघ्यांमुळे.

यादीत सहा नावं, पण पोरं पाचच. सहावा माझा धाकटा भाऊ अजिंक्य. त्याला रात्रीपासून ताप होता, म्हणून आईजवळ घरी. निघताना इतका रडला की माझाही पाय निघेना.

गुहा म्हणजे एकमेकींवर रेललेल्या दोन प्रचंड शिळा. त्यांवर गेरूच्या रंगातली जनावरं आणि काडीसारखी माणसं, हजारो वर्षांपूर्वीची. बाहेर ऊन रणरणत होतं आणि आत पायाखालची माती गार. वटवाघळांचा उग्र वास. मागच्या बाजूला एक काळी फट.

राखणदार परसूअण्णा मूळचे निपाणीकडचे. आमचं मराठी ऐकून खूश झाले, पण आत शिरताना म्हणाले, “स्वल्प हळू बोला. नाव घेऊन हाका मारू नका.”

“का? दगड पडतात?” प्राणेशने विचारलं.

“दगड नाही रे,” एवढंच म्हणून ते बाहेर सावलीत जाऊन बसले.

“ताई, हा बैल आहे की कुत्रा?” कावेरीने विचारलं.

“तुझ्यासारखंच कुणीतरी काढलंय,” शंभूराज म्हणाला. सगळे खिदळले. मीही.

निघताना नुसती डोकी मोजली असती तरी चाललं असतं. पण मला हजेरीच घ्यायची होती. वही उघडली, आवाज चढवला. कावेरी. प्राणेश. शंभूराज. आर्या. संग्राम. प्रत्येक ‘हजर’वर एक टिक. दर रविवारी ऐकून यादी तोंडपाठ झालेली, त्या भरात पुढचं नावही घेतलं.

“अजिंक्य.”

“हजर.”

फटीतून आलं. बसलेला घसा, नाक चोंदलेलं. रात्रभर मी तोच आवाज ऐकला होता.

प्रतिध्वनी म्हणावा, तर मी ‘हजर’ म्हटलंच नव्हतं. पोरं सगळी माझ्यासमोर होती, तोंडं मिटलेली. वहीत पाहिलं. टिक करून झाली होती.

“अजू आलाय?” कावेरीने हळूच विचारलं.

“नाही.”

मोबाईलचा टॉर्च फटीत धरला. वीतभर खोल. पुढे सलग दगड.

बाहेर येऊन आईला फोन लावला. “अजू कसा आहे?”

“आत्ताच उतरला बघ ताप, एकदम. अंग गार लागतंय. का गं?”

“सहजच.”

टिक खोडायला पेन उघडलं. पण खोडल्यावर तो कुठून गैरहजर होईल? इथून, की घरातून? पेन पुन्हा बंद केलं. मला भीती वाटायला हवी होती. काहीच वाटत नव्हतं.

व्हॅनमध्ये पोरं गात होती. मी टाळ्या वाजवल्या.

घरी आले. अजिंक्य पलंगावर नव्हता.

पलंगाखाली होता. भिंतीला पाठ लावून, गुडघे छातीशी घेऊन. डोळे उघडे.

मला बघून तो थोडा सरकला. जागा केली.

“बाकीचे कुठायत?” त्याने विचारलं. घसा आता स्वच्छ होता.

स्वयंपाकघरातून आईने विचारलं, “झोपलाय ना गं?”

“हो,” मी म्हटलं, आणि खोलीला बाहेरून कडी घातली.