चौथं ताट

ही गोष्ट खरी आहे.

ज्याला पटत नसेल त्यानं वर्ध्याला उतरावं, सिंदी मेघेला जावं आणि मंजुषाला तोंडावर विचारावं. ती दार लावून घेणार नाही. उलट चहा ठेवेल आणि सगळं सांगेल.

आणि हो... ही रात्रीची गोष्ट नाही. अमावास्या नव्हती. कुत्री रडत नव्हती. २०२४ च्या मे महिन्यातला गुरुवार, दुपारचे दोन, नागपुरात बर्डीवरचं खच्चून भरलेलं हॉटेल. बाहेर ऊन असं, की डांबर चपलेला चिकटत होतं.

मंजुषा तेव्हा वर्ध्याच्या एका बियाणे कंपनीत होती. मुळात भित्री नाही. वडील रूपराव बोरगाव मेघेला भाजीपाला लावतात. शाळेत असल्यापासून पहाटेच्या अंधारात मिरच्यांची पोती घेऊन त्यांच्यासोबत बाजारात जाणारी ही पोरगी. भुताखेतांना भ्यायला तिला सवडच मिळाली नाही.

कंपनीची नागपुरात दोन दिवसांची परिषद होती. वर्ध्याहून तिघं आले होते. मंजुषा, तिच्याच बरोबरीचा किशोर, आणि दोघांचे साहेब, प्रफुल्ल सर. समुद्रपूर तालुक्यातल्या शेतकरी बायांच्या गटाला सकाळी पहिलं बक्षीस मिळालं होतं. दुपारी चारला मंजुषा स्टेजवरून त्या कामाची माहिती देणार होती.

काम मात्र तिचं नव्हतं.

ते त्यांच्याच ऑफिसातल्या छायाचं होतं. गावोगाव फिरून तो गट छायानं उभा केला होता. आणि छाया आदल्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये, समुद्रपूरकडच्या एका नाल्याच्या पुरात स्कूटीसकट वाहून गेली होती.

बक्षिसाच्या कागदावर तिचं नाव नव्हतं.

सर खुशीत होते. “परिषदेचं जेवण रोजचंच आहे. चला, आज बाहेर जेवू.”

चौघांचं टेबल मिळालं. सर आणि किशोर समोर. मंजुषा अलीकडे. बाजूच्या रिकाम्या खुर्चीवर तिनं पर्स ठेवली.

डोमाजी नावाचा म्हातारा वेटर पाणी घेऊन आला. तीन ग्लास ठेवले. मग चौथा ठेवला. आणि मंजुषाला म्हणाला,

“ताई, पर्स उचला न. त्या मॅडमले बसू द्या.”

मंजुषानं पर्स उचलली. हात आपोआप गेला. कोणी ओळखीचं आलं असेल म्हणून वळून पाहिलं...

कोणीच नव्हतं.

‘गर्दीत चुकला असेल बिचारा.’ ती मनात हसली. पर्स मात्र मांडीवरच राहिली. का, ते तिला आजही सांगता येत नाही.

सरांनी तिघांसाठी पाटोडी-रस्सा सांगितला. गप्पा सुरू झाल्या. म्हणजे सर बोलत होते, बाकीचे दोघं मान हलवत होते.

वीस मिनिटांनी जेवण आलं.

चार ताटं.

तीन ताटांत लालभडक रस्सा. चौथ्यात पिवळं वरण, भात, एक भाकर. डोमाजीनं ते रिकाम्या खुर्चीसमोर ठेवलं.

“हे कोणाचं?” सरांनी विचारलं.

“त्या मॅडमचं जी. बिना लसणाचं वरण. दोनदा सांगितलं त्यायनं, लसूण नका टाकजा म्हणून.”

किशोरचा घास हातातच राहिला.

छाया लसूण खात नव्हती. ऑफिसात तिचा डबा त्यावरून ओळखायचे सगळे.

“कोणत्या मॅडम?” मंजुषाचा आवाज चढला.

“हिरव्या ओढणीवाल्या. हात धुवाले गेल्या न आत्ता.”

त्यानं हात धुण्याच्या जागेकडे बोट दाखवलं. आतून पाण्याचा आवाज येत होता.

किशोर पांढराफटक पडला. पुरानंतर छायाची ओढणी बाभळीच्या काट्यांतून त्यानंच सोडवली होती. हिरवी.

“ताई... नको जाऊ.”

“काऊन नको?”

मंजुषा उठली.

बेसिनपाशी गेली. नळाला कापड गुंडाळलं होतं. वर पाटी... ‘पाणी बंद आहे.’ हात धुवायला बाहेर मोरीपाशी पाण्याचा ड्रम आणि प्लास्टिकचा मग ठेवलेला. बेसिन कोरडं ठणठणीत, बुडाला धूळ.

आवाज मात्र चालूच होता.

आणि तो नळाचा नव्हता. नळाचं पाणी असं घुमत नाही. दगडगोटे ओढत नेणारं, गढूळ, खूप पाणी...

  पण भीतीच्या आधी तिला राग आला. नऊ महिने गिळून ठेवलेला राग.

“छाया,” ती मोठ्यानं म्हणाली, “तू असशील तर टेबलावर ये. इथं काऊन उभी आहेस?”

आवाज बंद झाला.

एकदम. कोणी झाकण लावावं तसा.

ती परतली तेव्हा सर डोमाजीवर ओरडत होते. “उचल हे ताट! कोणी नाही इथं!”

डोमाजीनं हात पुढे केला. मंजुषानं ताटाची कड घट्ट धरली.

“नाई उचलायचं.”

“मंजुषा, तमाशा करू नको. लोक बघतात.”

“बघू द्या. सर, त्या दिवशी तिले समुद्रपूरले कोणं पाठवलं?”

“ती रजेवर होती. तूच सही केली आहेस.”

खरं होतं ते. छाया रजेवर होती, स्वतःच्या कामानं गेली होती, असा कागद कंपनीनं केला. त्यावर मंजुषाची सही होती. किशोरचीही. नोकरी राहावी म्हणून केलेली. खरं म्हणजे त्या दिवशी सकाळी साडेनऊला ऑफिसात सर्वांसमोर सर छायाला फोनवर म्हणाले होते, ‘पूर-बीर काही नाही, आजच्या आज जाऊन ये.’

“हो, केली सही,” मंजुषा म्हणाली. “आता नाई करत. अन् हे ताट इथंच राहीन. तिचं आहे ते.”

“चार वाजता तुला बोलायचं आहे. शुद्धीवर ये. नोकरीचा विचार कर.”

“ता... ताई,” डोमाजी हळूच म्हणाला.

तो ताटाकडे पाहत होता.

भाकरीचा एक तुकडा मोडलेला होता. वरणात बुडवल्याची खूण होती, आणि भातावर पिवळा थेंब पडला होता.

मंजुषानं कड धरली तेव्हा भाकर अख्खी होती, आणि त्यानंतर तिचा हात तिथून हलला नव्हता. तिघांच्या समोर. कोणी हललं नव्हतं.

सर खुर्ची पाडून उठले आणि बाहेर गेले. किशोर तिथंच बसून ढसाढसा रडला. मंजुषा मात्र परत आपल्या जागी बसली, आणि तिनं आपलं ताट संपवलं. पूर्ण. बाजूच्या खुर्चीकडे न पाहता.

“उठून गेली असती तर तिले वाटलं असतं, हे बी पयाली,” असं ती सांगते.

चार वाजता ती स्टेजवर चढली. तयार करून दिलेला कागद तिनं उघडलाच नाही.

“हे काम छायाचं आहे. ती रजेवर नव्हती. पूर आला होता, तिनं फोनवर सांगितलं होतं, तरी तिला पाठवलं. ती रजेवर होती असं लिहिलेल्या खोट्या कागदावर माझी सही आहे. मी ती आज सर्वांसमोर परत घेते.”

 मग मागच्या रांगेतून किशोर उठला. “माही बी सही,” एवढंच म्हणाला.

दोघांच्याही नोकऱ्या गेल्या. पण नंतर पोलिसांनी दोघांचे जबाब लिहून घेतले, सरांची चौकशी लागली, ती अजून सुरू आहे. मंजुषा आता वडिलांसोबत भाजी विकते आणि चौकशीच्या प्रत्येक तारखेला जाते.

त्या गुरुवारानंतर आठवड्यानं ती एसटीनं समुद्रपूरला गेली. छायाच्या आईकडे, अनुसयाबाईंकडे. सही केल्यापासून त्या घराची पायरी ती चढली नव्हती. तिनं सगळं सांगितलं. सहीचं आधी, हॉटेलचं नंतर.

अनुसयाबाई रडल्या नाहीत. रागावल्या नाहीत. त्यांनी विचारलं,

“तुले काही म्हटलं काय तिनं?”

“नाई मावशी.”

“मले बी नाई म्हणत.”

“म्हणजे?” मंजुषानं विचारलं.

“येते. जेवाच्या टाइमले. गुमान बसते... अन् जाते.”

“मावशी, आता सगळं खरं सांगून टाकलं मी. भर सभेत. आता नाई येणार ती.”

अनुसयाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. खूप शांतपणे.

“काल बी आलती.”

मंजुषा आजही सांगते, मी भेली नाई, अन् भेणार बी नाई. कोर्टात बोलावलं तर जाईन, सर समोर उभे असले तरी बोलीन.

मग आवाज खाली येतो.

“पण तिले अजून काय पाहिजे... हे मले समजून नाई राह्यलं.”