मुकी ओळ

करडईचे फूल पहाटेच खुडावे लागते. दवाने काटे मऊ असतात तोवर हात घालता येतो. ऊन चढले की तेच काटे बोटांची चाळण करतात. म्हणून वर्षातला सर्वांत मोठा दिवस सरून अकरा दिवस झाले आणि शेतात पहिले एकटे फूल उमलले, की आमच्या मोगामी नदीकाठच्या गावात पुढचे वीस दिवस कोणतीही बाई पुरती झोपत नाही. पहाटे खुडणी, दुपारी धुणे आणि तुडवणे, संध्याकाळी उखळ. त्या दिवसांत माणूस चालता चालता झोपतो आणि झोपेत बोटे हलवतो.

मी सांगते ते असल्याच एका हंगामातले आहे. थकव्याला दोष देऊन मी सुटू पाहते आहे असे कोणी समजू नये. थकवा खरा होता, आणि पापही खरे होते.

घरात आम्ही तिघी होतो. मी म्हणजे तोसे, माझी सासू कुरा, आणि माझी पाच वर्षांची मुलगी मियो. नवरा साकुबेई नदीतून माल नेणाऱ्या होड्यांवर होता, तो शरदात परतायचा. आम्ही खुडलेले प्रत्येक फूल मुखियाच्या ओट्यावर तोलले जाई, त्याच्या वड्या होत, आणि त्या वड्या होडीतून, मग जहाजातून दूर राजधानीला जात. तिथल्या बायकांचे ओठ आणि लग्नाची वस्त्रे त्यातून रंगत. लाल पिकवणाऱ्या आमच्या गावात लाल चिंधी नव्हती. आम्ही कच्च्या तागाचे कपडे घालत असू आणि त्यातच पुरले जात असू.

तरी एक ओळ आमची होती, म्हणजे आमच्या मेलेल्यांची. प्रत्येक शेताची नदीकडची शेवटची ओळ कोणी खुडत नसे. अंगाला लाल न लावता त्या घरातल्या ज्या लेकीसुना गेल्या, त्यांचा तो वाटा. खुडताना बायका गाणी म्हणतात. पण त्या ओळीजवळ आल्या की गप्प होतात. म्हणून तिला मुकी ओळ म्हणत. तिची फुले जागीच वाळत आणि त्यांचे बी पुढच्या वसंतात आम्ही पेरत असू. त्यांचे त्यांना ठेवावे, म्हणजे आपले आपल्याला मिळते, असे जुनी माणसे सांगत.

आमच्या मुक्या ओळीत सर्वांत अलीकडचा वाटा किसाचा होता. किसा ही सासूबाईंची लेक, माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण. सहा वर्षांची असताना देवीच्या रोगाने गेली. मी त्या घरात येण्याच्या कितीतरी आधी. मी तिला पाहिले नव्हते. देवघरात तिच्या नावाची लहानशी लाकडी पाटी होती, तेवढीच माझी ओळख.

त्या हंगामाच्या नवव्या दिवशी मियोच्या अंगावर देवी उठल्या.

त्या रोगाची देवता लाल रंगाने शांत होते, हे आमच्याकडे दूध पिते पोरही जाणते. लाल अंगरखा घातलेले मूल ती सोडून देते. मी सासूबाईंकडे गेले. त्या उखळाशी होत्या. मुसळ थांबले नाही.

“आत्याबाई, लाल कापड हवं.”

“राजधानीत मिळतं. जा, घेऊन ये.”

“मुक्या ओळीत फुलं आहेत.”

मुसळ दोनदा पडले, तिसऱ्यांदा हवेतच राहिले.

“ती माझ्या किसाची आहेत,” त्या म्हणाल्या. “तिला कच्च्या तागात गुंडाळून दिली मी. लाल दोरासुद्धा नव्हता घरात.”

“मला माहीत आहे.”

“तुला काय माहीत? ऐकलंयस तू. मी बघितलंय.”

त्यांनी मुसळ खाली टेकवले आणि घराच्या आतल्या अंधाराकडे, मियो कण्हत होती तिकडे, बराच वेळ पाहिले.

“पहाटे माझे कान काम देत नाहीत हल्ली,” त्या म्हणाल्या. “देवळाची घंटा झाली की मगच ऐकू येतं. कोण कुठे गेलं, कोण काय घेऊन आलं… म्हातारीला काय कळतंय.”

दुसऱ्याच्या पानातले उचलू नये, हे मला देवळातल्या भिक्षूंनी अक्षरओळखीबरोबरच शिकवले होते. ते पान मेलेल्याचे असेल तर मुळीच नाही. हे मी विसरले नव्हते. पुढे जे केले ते जाणून केले.

दुसऱ्या पहाटे नदीवरून इतके धुके आले होते की स्वतःचे मनगटही दिसत नव्हते. आमच्या शेतावर खुडणीला शेजारची विधवा सुगी येत असे. तिचे तोंड कामाहून जास्त चाले, आणि त्या दिवसांत तेच एक आम्हाला जागे ठेवी.

“तोसे, गाणं का नाही गं आज?” धुक्यातून तिचा आवाज आला. “आवाज काय सासरी जमा केलास?”

“घसा बसलाय.”

“घसा बसलाय की बूड? कोंबडी तुझ्याहून जास्त टिपते.” मग जरा थांबून, हळू आवाजात, “मियो कशी आहे?”

“तापली आहे.”

सुगी गाऊ लागली. तिचा आवाज चढाकडे सरकत गेला, तशी मी टोपली उचलून उताराकडे, नदीकडे निघाले.

मुक्या ओळीत शिरले तेव्हा अंगाला पहिल्यांदा जाणवली ती थंडी. मी अमिदा बुद्धाचे नाव घेतले, तेही मनात, कारण त्या ओळीत ओठ हलवायचे धाडस झाले नाही. मग खुडू लागले. फुले दाट होती, बुडाशी लाल उतरलेली, अगदी वेळेवर आलेली. पाकळ्या चिमटीत धरून ओढल्या की बारीक आवाज होतो, ओला कागद फाटावा तसा. मी खुडत होते आणि तो आवाज ऐकत होते. काही वेळाने ध्यानात आले की तो माझ्या हातापेक्षा जास्त वेळा येतो आहे.

ओळीच्या पलीकडून कोणीतरी खुडत होते.

“सुगी?” मी पुटपुटले. “आलीस का मागोमाग? हे बघ, कोणाला बोलू नकोस. पोरीसाठी घेतेय.”

उत्तर नाही. आवाज तसाच. भराभर, सवयीच्या हाताचा. मला बरे वाटले. सुगी तोंडाळ असली तरी मनाची चांगली होती. आम्ही दोघी समोरासमोर पुढे सरकत राहिलो. टोपली भरत चालली. मी एक मूठ टाकी तेव्हा आत दोन मुठींची भर पडलेली असे.

“पुरे झालं गं,” मी म्हणाले. “तुझी टोपली भर आता.”

तेवढ्यात दूर वर, चढाच्या टोकाकडून, सुगीच्या गाण्याचे पुढचे कडवे आले.

माझा हात फुलावर होता तो तिथेच राहिला. समोरचे झाड हलले. धुक्यात एक बाही दिसली. कच्च्या तागाची, कोरी, अंगापेक्षा मोठी शिवलेली. बाहीचे टोक माझ्या कमरेच्याही खाली होते. ती टोपलीवर आली, उघडली, आणि पाकळ्या पडल्या.

मी टोपली टाकायला हवी होती. टाकली नाही. ती छातीशी धरून मागे न पाहता घरी आले.

पुढचे तीन दिवस फुले पिकू दिली. ओढ्यात धुऊन, पायाने तुडवून, सावलीत चटईवर पसरून, वर पाणी शिंपडत. त्यांचा आंबूस वास घरभर, आणि त्याखाली मियोच्या फोडांचा वास. सासूबाई रात्रंदिवस तिच्यापाशी होत्या. मी पेंगले तर त्या जागत, त्या पेंगल्या तर मी. चौथ्या दिवशी दोघी एकदमच पेंगत होतो.

पाचव्या सकाळी मी रंग काढायला बसले. फुले पोत्यात घालून वाहत्या पाण्यात मळली, पिवळे सगळे जाऊ दिले. मग पेंढ्याच्या राखेच्या पाण्यात भिजवून पिळली, लाल उतरले. त्यात आंबट आलुबुखाराचे पाणी घातले. सुगी मदतीला आली होती. तिने फुलांचे विचारले नाही, मी सांगितले नाही.

लाल रंग हट्टी असतो. पहिल्या बुडवणीत कापड जेमतेम गुलाबी होते. सात-आठ वेळा नवा रंग द्यावा तेव्हा कुठे ते लाल म्हणवते. मी माझ्या जुन्या वस्त्राचा तागाचा तुकडा पाण्यात सोडला आणि हाताने खाली दाबला.

“तोसे,” सुगी म्हणाली. “हात काढ. हात काढ बाहेर.”

मी काढला. पहिल्याच बुडवणीत कापड असे लाल झाले होते, की तसे लाल मी पुन्हा कधी पाहिले नाही. आणि परातीतले पाणी विहिरीच्या पाण्यासारखे स्वच्छ होते. तळाचा खडा दिसावा इतके.

“एवढी कसली घाई झाली याला…” सुगी म्हणाली. तिला थट्टा करायची होती, जमली नाही. ती उठली आणि हातसुद्धा न धुता गेली.

अंगरखा शिवून मी मियोच्या अंगावर घातला तेव्हा दुपार झाली होती. पांढरे कडक ऊन, एक पान हलत नव्हते. तिचा श्वास आत जाई आणि तिथेच राही. मग बऱ्याच वेळाने बाहेर येई. मग तो आलाच नाही.

आमच्याकडे अशा वेळी घरातले वडील माणूस विहिरीवर वाकून नावाने हाक मारते. जीव नुकताच निघाला असेल तर पाण्यापलीकडे गेलेला नसतो. आपले नाव ऐकून फिरतो. मी मियोला मांडीवर घट्ट धरले होते.

“आत्याबाई, विहीर! हाक मारा!”

सासूबाई धडपडत उठल्या. चार दिवस त्यांनी धड डोळा मिटला नव्हता. अनवाणी धावत त्या विहिरीवर ओणव्या झाल्या, आणि त्यांनी हाक मारली. तिच्यात सगळे आयुष्य होते.

“किसा! किसा गं! परत ये!”

मी ऐकले. स्पष्ट ऐकले. ती थकलेल्या जिभेची चूक होती, की वीस वर्षे दाबून धरलेली इच्छा, हे मी आजही ठरवू शकत नाही. त्यांना ठाऊक असेल असेही मला वाटत नाही.

“किसा! घरी ये!”

दुसऱ्या हाकेला माझ्या मांडीवरचे मूल हलले. छाती वर आली. श्वास आत गेला आणि बाहेर आला.

मी ओरडून ती हाक दुरुस्त करू शकले असते. मियो, मियो म्हणून माझा गळा फोडू शकले असते. क्षण होता. पण आलेला श्वास पुन्हा जाईल याची मला भीती वाटली. तो कोणाचा आहे हे विचारण्याची त्याहून जास्त. मी गप्प बसले. फुले चोरली हे माझे लहान पाप. मोठे पाप हे.

तिसरी हाकही किसालाच गेली.

संध्याकाळी ताप उतरला. फोड सुकू लागले. मुलीने डोळे उघडले, अंगावरचे लाल पाहिले, त्यावरून हात फिरवला आणि हसली. मग माझ्याकडे वळली. ओळखीच्या माणसाकडे नव्हे; घरात नव्याने आलेल्या माणसाकडे पाहावे, तसे अदबीने तिने पाहिले.

“वहिनी,” ती म्हणाली, “पाणी देता?”

मी उठेपर्यंत सासूबाई भांडे भरून आल्या होत्या. “घे बाळा,” त्या म्हणाल्या. मुलीने पाणी पिऊन त्यांच्या मांडीवर डोके ठेवले आणि म्हटले, “आई, पाय दुखतात.” सासूबाई पाय चेपू लागल्या. त्या रडत होत्या आणि माझ्याकडे पाहत नव्हत्या.

गावाने नवल केले. लाल रंगाचा गुण, असे म्हटले. तापात मुले काहीबाही बोलतात, नाती विसरतात, येईल ठिकाणावर, असे सुगीच मला दाराबाहेरून सांगून गेली. आत ती आली नाही.

पुढल्या महिन्यात पितरांचे दिवस आले. घरोघर दिवे लावतात आणि गेलेल्यांच्या पाट्यांपुढे भात ठेवतात. त्या वर्षी सासूबाईंनी सर्वांना भात वाढला, पण किसाच्या पाटीपुढे वाटी ठेवली नाही. पाटी त्यांनी उलटी करून ठेवली होती. मी ती सरळ केली. स्वयंपाकघरातून एक वाटी कढत भात आणला आणि पुढे ठेवला. कोणाच्या नावाने ठेवते आहे, ते मनातही उच्चारले नाही.

मुलगी शेजारी येऊन बसली होती. लाल अंगरखा तिच्या अंगावर होता. तो ती काढू देत नसे. तिने वाटीकडे पाहिले, मग माझ्याकडे. तिच्या नजरेत वाईट काही नव्हते. कीव होती.

“असा नका ठेवू, वहिनी,” ती हळूच म्हणाली. “तिचं तोंड पोळतं. तुम्हीच फुंकून देत होता ना तिला?”

मियोला मी प्रत्येक घास फुंकून देत असे. कढत भात तिने कधी खाल्ला नव्हता.

मी गुडघे टेकले, वाटी दोन्ही हातांत धरली आणि भातावर फुंकर घातली. दारे लावलेली होती, वारा नव्हता. भाताची वाफ पाटीकडे गेली नाही. ती उलटी, संथपणे, पाटीकडून कोणी फुंकावे तशी, माझ्या तोंडाकडे झुकली.