शलाका नगरला येणार होती

“तुमची गाडी तीनच सिलिंडरवर चाललीय,” पुष्पावती बोलून गेली आणि लगेच तिनं जीभ चावली.

ऑपरेटरनं ग्राहकाशी कामापुरतंच बोलायचं, असा कोपरगावच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नियम होता. ‘नंबर सांगा’, ‘थांबा’, ‘बोला’... एवढ्यातच दिवस सरायचा. पण सत्तर सालच्या श्रावणातल्या त्या दुपारी पुण्याची लाईन काही केल्या मिळत नव्हती. छगनशेठच्या गॅरेजमधून ट्रंक कॉल मागणारा माणूस फोन धरून उभा होता, आणि त्याच्या पाठीमागे एक इंजिन सारखं अडखळत होतं. तिला ते ऐकवेना.

पलीकडून एक तरुण, गोंधळलेला आवाज आला, “कोन बोलतंय?”

“एक्स्चेंज.”

“ते ठाऊक हाय वो. पर तीन सिलिंडर म्हंजे?”

“एक प्लग काम करत नाहीये. ऐका ना... तीन ठोके पडतात, चौथ्याची जागा रिकामी.”

“अवो, दोन दिस झालं मी कार्बोरेटर खोलून बसलोय!”

“मग आता जोडून टाका,” ती म्हणाली, आणि तेवढ्यात पुणे मिळालं.

अर्ध्या तासानं गॅरेजचा सत्तेचाळीस नंबर बोर्डावर पुन्हा खुणावू लागला. तिनं कॉर्ड लावली. मागे तेच इंजिन होतं, पण आता कसं गोड, एका लयीत चाललेलं.

“प्लगच हुता,” तो म्हणाला. आवाजात आदर होता, थोडी भीतीसुद्धा. “मी मच्छिंद्र. हितं मेकॅनिक हाय. बाई, तुमी हाय तरी कोन?”

“ऑपरेटर,” पुष्पावतीनं सांगितलं आणि हसू दाबत कॉर्ड काढली.

पुष्पावती धनवटे पुणतांब्याच्या शेतकऱ्याची मुलगी. मॅट्रिक झाली, परीक्षा दिली आणि एक्स्चेंजमध्ये लागली. तिच्या खुर्चीमागची खिडकी नगर-मनमाड रस्त्यावर उघडायची. तीन वर्षं तिनं त्या रस्त्याला पाठ करून बसून प्रत्येक गाडी ऐकली होती. फियाट कुठली, अँबॅसॅडर कुठली, चढ घेताना कोण दमतं, कुणाचा सायलेन्सर फुटलाय... न वळता सांगायची. वाचनालयात मोटारदुरुस्तीचं एक जाडजूड पुस्तक होतं. तिच्याखेरीज ते कुणी घरी नेलं नव्हतं, तिनं तीनदा नेलं होतं.

त्या दिवसापासून सत्तेचाळीस नंबरला फोनची फार गरज पडू लागली. कधी नगरला पार्ट विचारायचा असे, कधी मनमाडला. आणि लाईन मिळेपर्यंत...

“ही ऐका. सांगा काय झालंय.”

“फॅनचा पट्टा ढिला आहे.”

“आन् ही?”

“हिला काही झालेलं नाही. तुम्ही उगीच फोन केलाय.”

“व्हय,” तो प्रामाणिकपणे म्हणायचा. “उगंच केलाय.”

देखरेखीवरच्या केशरबाई चष्म्यावरून बघायच्या. “धनवटे, सत्तेचाळीसला चार मिनिटं झाली.” पुष्पावतीचे कान लाल व्हायचे.

दिवाळीच्या सुमाराला मच्छिंद्रनं ती बातमी आणली. पेपरात चार ओळी आल्या होत्या. त्यानं त्या एकेक अक्षर लावून फोनवर वाचून दाखवल्या. एक नवी कंपनी नवी मोटार काढणार होती. तिचं नाव शलाका. चार दारांची, ना फार मोठी ना फार छोटी. मालकांचं मूळ गाव नगरकडचं, म्हणून मुंबई-पुण्याच्या आधी पहिलं दर्शन नगरच्या प्रदर्शनात.

“नवी गाडी!” पुष्पावती पुटपुटली. रस्त्यावर दोन-तीनच जातीच्या गाड्या बघत मोठी झालेली माणसं ती. आकाशात नवा तारा उगवणार म्हटल्यावर वाटेल तसं दोघांना वाटलं.

मग दुसरा विषयच उरला नाही. तिचं बॉनेट कसं असेल? गिअर कुठं असेल, खाली की स्टिअरिंगला? रंग?

“पांढरा नसावा,” ती म्हणायची.

“काळा तर न्हाईच न्हाई,” तो म्हणायचा.

तारीख मात्र पेपरात नव्हती. ती आधी पुष्पावतीलाच कळली. नगरहून एक कॉल जोडताना कानावर आली, पंधरा जानेवारी. आणि दुसऱ्याच मिनिटाला मच्छिंद्रचा फोन.

“काय कळलं का हो, कवा हाय?”

“कळलंय. पण ऐकलेलं सांगायचं नसतं आम्हाला.”

“अरारा! मंग कळलंय हे तरी कशापायी सांगितलंत?”

“खोटं बोलवेना म्हणून.”

तो हळूच म्हणाला, “नका सांगू. तुमी अशाच ऱ्हावा.”

पण खोटं ती एकदा बोलली होती, आणि ते तिला टोचत होतं. एकदा त्यानं सहज विचारलं होतं, “एवढं कळतं तुमाला... तुमच्या घरची गाडी कुठली?” ती “आहे एक...” म्हणून अडखळली, बोर्डावर दुसरा नंबर आला, आणि ते तसंच राहून गेलं. त्यानंतर त्याच्या बोलण्यात मधूनच ‘बाईसाहेब’ येऊ लागलं. बंगला, फाटक, पोर्चमधली मोटार, असं काहीबाही त्यानं मनाशी बांधलं असावं. ती रोज ठरवायची, आज सांगू. रोज राहून जायचं.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी त्याचा आवाज वेगळाच होता.

“कंपनीला मेकॅनिक पायजेत. परदर्शनातच परीक्षा हाय, सकाळी. छगनशेठच म्हनले जा म्हनून. निवड झाली तर पुन्याला जावं लागंल.”

“छानच की,” ती म्हणाली. पण मन खट्टू झालं.

“व्हय. पर तिथं फोनवर दुसरंच कुनी असंल...” तो थांबला. “तुमी येनार ना बघायला? मंग... वळखू कसं?”

तिच्या डोळ्यांपुढं आपली सुती साडी आली, बैलगाडी आली, अंगणातला कडब्याचा ढीग आला.

“नका ओळखू,” ती म्हणाली, आणि कॉर्ड काढून घेतली.

पंधरा तारखेला ती सकाळच्या आगगाडीनं नगरला उतरली. नगरला तिची आत्या बनुबाई राहायची. ती सोबत निघाली, पण तिला मोटारीत काडीचा रस नव्हता.

“लोखंड ते लोखंड! त्यात काय बघायचं?” असं म्हणत ती वाटेतल्या प्रत्येक बांगडीवाल्यापाशी थांबत होती.

किल्ल्याजवळच्या मैदानात माणूस मावत नव्हता. पंपांचे, बियाण्यांचे, खतांचे तंबू ओस पडले होते. सगळी गर्दी मधल्या चौथऱ्याकडे. तिथं पिवळ्या कापडाखाली काहीतरी निजलं होतं... नुसता आकार, पाठीच्या लांब उताराचा. पुष्पावती गर्दीतून वाट काढत अगदी दोरीपाशी गेली. दिवाळीपासून जिच्यावर बोललो ती इथं, हातभर अंतरावर आहे, या विचारानं तिनं दोरी घट्ट धरली.

चार वाजले. कुणीतरी भाषण केलं, ते कुणी ऐकलं नाही. मग दोघांनी कापडाची टोकं धरली आणि ओढली.

टाळ्या पडल्या नाहीत. एवढ्या हजारो माणसांच्या तोंडून नुसता एक श्वास निघाला.

निळी होती ती. जवसाच्या फुलाचा असतो तसा निळा रंग. कलत्या उन्हात तिच्या अंगावरून सबंध आभाळ वाहत होतं, किल्ल्याचा तट वाहत होता, माणसांचे पटके, टोप्या, पदर... सगळे तिच्या दारांवर वाकडेतिकडे होऊन नाचत होते. कुठं एक खिळा दिसेल तर शपथ. पुष्पावतीच्या शेजारच्या म्हाताऱ्या शेतकऱ्यानं वहाणा काढून बाजूला ठेवल्या आणि हात जोडले. कुणी हसलं नाही. तिचे डोळे भरून आले, का ते तिला सांगता आलं नसतं. माणसाच्या हातून असंही काही होतं?

“आता इंजिन सुरू करतो,” कंपनीचे इंजिनियर म्हणाले, आणि आत बसले. गर्दी चिडीचूप झाली. पुष्पावतीनं डोळे मिटले. याच क्षणासाठी ती आली होती. आता ऐकू येईल, आता...

काहीच ऐकू आलं नाही. वारा, एक पिपाणी, लांबवर टांग्याची टापटाप.

“का बरं सुरू होत नाहीये?” ती काकुळतीनं म्हणाली.

“सुरू हाय,” दोरीच्या आतून कुणीतरी म्हणालं. “हात लावून बघा.”

तिनं डोळे उघडले. खाकी कपड्यातला, सावळा, उंच तरुण. छातीवर कंपनीचा नवा बिल्ला. तोही जागच्या जागी थिजला होता, कारण आवाज त्यानंही ओळखला होता. मग त्यानं दोरी वर उचलली. ती खालून आत गेली. त्यानं बॉनेटवरची एक जागा बोटानं दाखवली, तिनं तिथं तळवा टेकवला.

आणि मग तिला ती कळली. एखाद्या निजलेल्या वासराच्या पोटावर हात ठेवावा तशी, ऊबदार, बारीक, अखंड थरथर.

“अगं बाई...” ती म्हणाली.

“मलाबी सकाळी असंच झालं,” तो म्हणाला. “परीक्षा चालली हुती आन् मी नुसता हात ठिवून उभा. सायब म्हनले, झाली का पूजा?”

“पास झालात?”

“व्हय.” त्यानं बिल्ल्याकडे बघितलं, मग तिच्या मागं. “तुमची गाडी कुठं लावली, बाईसाहेब?”

आता मात्र तिनं मान वर केली. “आमच्या घरी बैलगाडी आहे. वडील शेती करतात. मी तुम्हाला तेव्हाच सांगायला हवं होतं... सांगितलं नाही. मी आजवर कुठल्याच मोटारीत बसलेलीसुद्धा नाही.”

ती वाट बघत राहिली. त्याला राग येईल, तो हसेल. पण मच्छिंद्र नुसता बघत होता. मघाशी कापड ओढल्यावर गर्दीनं गाडीकडे बघितलं होतं, तसा.

“कंदी बसला न्हाईत?” तो अखेर म्हणाला. “आन् नुसत्या आवाजावरनं... बारा वर्सं झाली मला पाना हातात धरून. अवो, मीच सायकलवर फिरतो! बंगलेवाल्या बाई म्हनून मी तर चार महिनं तोंडातला शब्द तोंडातच ठिवला.”

“कुठला शब्द?”

तो लालबुंद झाला आणि रेडिएटरची जाळी पुसू लागला. ती चकचकीतच होती.

दिवस मावळायच्या आधी गाडी मागच्या गोदामात न्यायची होती. इंजिनियरसाहेबांनी किल्ली मच्छिंद्रच्या हातात ठेवली. तो त्यांच्या कानाशी काहीतरी बोलला. साहेबांनी दोरीपाशी उभ्या असलेल्या पुष्पावतीकडे बघितलं, हसून मान हलवली.

“बसा,” मच्छिंद्रनं दार उघडलं.

“एकटीच कशी बसंल ती?” बांगड्यांचं पुडकं सावरत बनुबाई कुठूनशी उगवली, आणि कुणी काही म्हणायच्या आत मागच्या सीटवर जाऊन ऐसपैस बसलीही.

मैदान ओलांडून गोदाम दोनएकशे पावलांवर. गर्दी दुतर्फा सरकत होती. पुष्पावती मांडीवर हात घट्ट धरून बसली होती. जमीन मागं जात होती आणि अंगाला धक्का नव्हता. नव्या सीटचा वास येत होता. काचेपलीकडे पोरं, म्हातारे, बाया, सगळे आ वासून बघत होते, आणि ती आतून त्यांच्याकडे. हे संपू नये, एवढंच तिच्या मनात होतं.

संपलं. गोदामात गाडी थांबली. मच्छिंद्रनं किल्ली फिरवली, पण उतरला नाही. घसा खाकरला. स्टिअरिंग दोनदा पुसलं.

“काही बोलायचं होतं ना?” ती म्हणाली.

“फोनवर बोलाया येतं वो. असं समोर...”

“मग मी खिडकीतून बाहेर बघते. तुम्ही समजा, फोनवरच आहात.”

तिनं तोंड फिरवलं. तिला फक्त गोदामाची भिंत दिसत होती, आणि काचेत त्याची अंधूक सावली.

“सोमवारी पुन्याला जायचंय,” तो म्हणाला. “जायला मन हुईना. सायबाला न्हाई म्हनावं असं वाटलं...”

“खबरदार!” ती भिंतीकडे बघतच म्हणाली. “अशा गाडीला हात लावायला मिळतोय, आणि नाही म्हणता?”

“तेच. मला गाडीबी पायजे...” त्याचा आवाज अगदी खाली आला, “आन् तुमीबी. माझ्याशी लगीन कराल का?”

तिचा श्वास काचेवर उमटला.

मागून बनुबाईच्या बांगड्या किणकिणल्या. “अगं, उत्तर दे की त्याला! किती वेळ टांगून ठेवशील?”

पुष्पावती वळली. कानांच्या पाळ्या पेटल्या होत्या, पण नजर सरळ त्याच्या डोळ्यांत होती.

“रविवारी पुणतांब्याला या. तात्या, माझे वडील, घरी असतात, त्यांना विचारा. ते हो म्हणतील, मी बघते.” मग जराशी थांबून ती म्हणाली, “आणि पुण्याला खोली घ्याल ना... ती रस्त्याच्या बाजूची घ्या. मला गाड्यांच्या आवाजाशिवाय झोप नाही लागत.”