भाराचा एक दिवा

चर्चमधल्या गाण्याचा सराव अजून सुरू व्हायचा होता, तेव्हा मोसेसे लुपेच्या दारात येऊन उभा राहिला. एका हातात हत्यारांची पिशवी, दुसऱ्या काखेत नवी बॅटरी. पांगाई गावात कुणाचा रेडिओ बिघडो की फ्रिज, बोलावणं त्यालाच यायचं. आणि लुपे तर त्याच्या चुलतभावाची, फेलेतीची बायको.

"या भावोजी. काल येणार होतात."

"काल कंद काढत होतो, वहिनी. काय म्हणतंय तुमचं यंत्र?"

"दिवे गेले की टूं टूं, टूं टूं. ऑकलंडहून पोरगी म्हणते, आई, तुझ्यापेक्षा तेच जास्त बोलतं."

मोसेसे हसला. चप्पल काढून आत आला. बसता बसता त्याची नजर लुपेच्या कमरेकडे गेली आणि त्याने ती लगेच वळवली. घरातलं माणूस गेलं की कमरेला दुखवट्याची चटई बांधायची रीत, ती तिने बांधलेली नव्हती. फेलेती मासे धरायला गेला तो परतला नाही, त्याला पावसाळा उलटून गेला. पाद्रीबाबांनी समजावलं, सासूने बोल लावले. लुपेचं म्हणणं एकच: ते घरी पोचू देत, मग बांधीन. आणि ती बांधत नाही म्हणून मोसेसेनेही बांधली नव्हती.

कॉम्प्युटरच्या मेजाखाली यूपीएस होता. मोसेसेने तो पुढे ओढला. समोर हिरव्या दिव्यांच्या दोन ओळी. वरची ओळ बॅटरी किती भरली ते सांगायची, खालची ओळ भार किती आहे ते. खालच्या ओळीत एक दिवा लागलेला होता.

"कॉम्प्युटर बंद आहे ना?"

"बंदच आहे."

त्याने कॉम्प्युटरची वायर काढली. दिवा तसाच. पडद्याची काढली, फोनची काढली. मागची सगळी भोकं रिकामी झाली, तरी एक दिवा जळत राहिला. म्हणजे कोणीतरी वीज ओढत होतं. थोडीशीच. एका लहानशा दिव्यापुरती.

"गेल्या खेपेला आत मुंग्यांनी घर केलं होतं," तो म्हणाला. "बघू, आता कोण राहायला आलंय."

त्याने भिंतीतला प्लग काढला आणि पेच सोडवून झाकण उचललं. आतून खाऱ्या पाण्याचा वास आला. बॅटरीच्या जागी काहीच नव्हतं. तांबडी आणि काळी वायर नुसत्याच लोंबत होत्या आणि त्यांच्या टोकांवर पांढरं मीठ धरलं होतं. मोसेसेने बोट लावून चाखलं. मीठच होतं.

आता यंत्राला ना भिंतीची वीज होती, ना बॅटरीची. तरी दिवे जळत होते. आणि ते टूं टूं करू लागलं.

"वहिनी... यातली बॅटरी?"

"ती ते घेऊन गेले ना, होडीच्या दिव्याला," लुपे सहज म्हणाली. "तुम्हाला माहीत आहे की."

मोसेसेला माहीत होतं. त्यावरून त्याने फेलेतीला कितीदा झापलं होतं. अरे, ही घरातली बॅटरी, होडीत भिजवून मारशील तिला. फेलेती दात काढायचा, सकाळी बॅटरी पुसून जागेवर ठेवायचा. तसा काटकसरी होता. खडकांची रांग ओलांडून आत आला की लगेच दिवा मालवायचा. म्हणायचा, घरची वाट दिसायला दिवा कशाला लागतो?

मोसेसेने घाईघाईने प्लग पुन्हा भिंतीत लावला. यंत्र गप्प झालं. वरच्या ओळीतला एकेक दिवा सावकाश वर चढू लागला.

"रोज असंच भरतं," लुपे म्हणाली. "म्हणून मी ते कधी बंद करत नाही. पण परवा रेडिओवर सांगितलं, आज वीजघरातलं इंजिन बदलणार. अंधार पडला की वीज जाणार, ती उद्या दुपारी येणार. एवढा वेळ ते पुरायचं नाही, भावोजी. म्हणून बोलावलं तुम्हाला."

तिने चहा ठेवला. तो उकळायच्या आतच वीज गेली. चर्चमध्ये गाणं सुरू झालं होतं, ते अंधारातही थांबलं नाही. यंत्र पुन्हा टूं टूं करू लागलं. वरच्या ओळीतले दिवे एकेक करून विझले. शेवटचा उरला तेव्हा आवाजाला घाई सुटली, धाप लागल्यासारखी.

"भावोजी..."

मोसेसेने वायरींची टोकं सदऱ्याने पुसली आणि नवी बॅटरी जोडली. आवाज सावकाश झाला. वरची ओळ भरून आली.

दोघं त्या हिरव्या उजेडात बसून राहिली. चहा निवला. बऱ्याच वेळाने खालच्या ओळीतला तो एकुलता दिवा विझला. बॅटरी भरलेली होती. तिकडे कोणीतरी दिवा मालवला होता.

"खडक ओलांडले," लुपे पुटपुटली.

मग किनाऱ्यावरून शीळ आली. एक लांब, दोन आखूड. होडी लागली की मोसेसेला बोलवायची फेलेतीची शीळ. मोसेसेच्या मानेवर काटा आला, आणि डोळ्यांत पाणीही.

"जा ना," लुपे हळूच म्हणाली. "ओढायला दोघं लागतात."

तो गेला. किनाऱ्यावर कोणी नव्हतं, होडीही नव्हती. पण वाळूत पाण्यापासून एक चर आला होता आणि मध्येच थांबला होता. एकट्या माणसाने जमेल तेवढं ओढून दम खावा, तसा. मोसेसे चराच्या बाजूला उभा राहिला. होडीची कड जिथे असती तिथे त्याने वाकून हात धरले. हातांना ओलं लाकूड लागलं... आणि जड लागलं. नेहमीसारखं मनात एक-दोन-तीन म्हणून त्याने नारळाच्या झाडापर्यंत ओढलं.

"आलास बाबा," एवढंच तो बोलला.

परतला तेव्हा लुपे आतल्या खोलीतून बाहेर येत होती. कमरेला दुखवट्याची चटई होती, जुनी, जाड, कडा फाटलेली. ती रडत होती, पण चेहरा निवांत होता.

"आता बांधायला हरकत नाही," ती म्हणाली. "घरी पोचले ना."

"हो वहिनी."

झाकण लावायला तो मेजाशी वाकला. नवी बॅटरी जागेवर नव्हती. तांबडी आणि काळी वायर लोंबत होत्या, त्यांच्या टोकांवरून पाणी ठिबकत होतं. आणि खालच्या ओळीत पुन्हा एक दिवा लागला होता. तिकडे होडीवर कोणीतरी दिवा लावला होता.

मोसेसेने झाकण बसवलं, चारही पेच आवळले. लुपेकडे पाठ ठेवूनच तो बोलला.

"वहिनी, उद्या वीज आली की हे चार्जिंगला असू द्या. काढू नका."