उतार बाहेरच्या बाजूला

पूर्णिमा जिना चढून वर आली, तेव्हा लोकेश स्टुलावर उभा राहून भिंतीला भोक पाडत होता. अंगभर विटांचा भुगा, भुवयासुद्धा लाल. खांद्याला ड्रिल मशीन अडकवलेली मुलगी दारात पाहून त्याचा हातोडा थांबला... आणि छिन्नी निसटून थेट तिच्या पायाशी येऊन पडली.

"एसी लावायले दुकानातून आली," छिन्नी उचलून देत ती म्हणाली. "तुम्ही तर सुरूच करून राहिले, भैया."

रायपूर छत्तीसगडची राजधानी झालं त्याला अजून फार दिवस लोटले नव्हते. भोपाळहून आलेल्या बाबूंनी शंकर नगर भरून गेलं होतं. लोकेश त्यांच्यातलाच एक. मंत्रालयात नोकरी, मूळचा बैतूलच्या मराठी घरातला. त्यांच्याकडे दर उन्हाळ्यात कूलर घरचीच माणसं उतरवत, रंगवत, वाळ्याची नवी खस भरून खिडकीत चढवत. एसी म्हणजे जरा महागातला कूलर, असा त्याचा सरळ हिशेब. आईला ऊन सोसत नाही, ती यायच्या आत सगळं आपल्या हातानं लावून ठेवायचं होतं बिचाऱ्याला.

पूर्णिमानं भोकात बोट घालून पाहिलं आणि पेलाभर पाणी मागितलं. तहान लागली असेल असं वाटून त्यानं ताटलीत ठेवून गूळही आणला. तिनं गूळ तोंडात टाकला आणि बाल्कनीत जाऊन, कठड्यावरून हात लांबवून बाहेरून पाणी भोकात ओतलं. ते सगळं आत, त्याच्या पायांवर आलं.

"उतार बाहेरच्या बाजूला पाहिजे," ती म्हणाली. "नाहीतर एसीचं पाणी तुमच्या गादीवर."

"मग शिकवा ना मले."

तिनं शिकवलं. भोक, लोखंडी ब्रॅकेट, पाण्याची नळी, एवढं त्यानं खुशाल स्वतः करावं. मीटरपासूनची वेगळी लाइन मात्र लायसन्सवाल्यानंच टाकायची, आणि गॅसच्या नळ्यांना तर शिकलेल्या हाताशिवाय स्पर्शही नको. तिच्याकडे लायसन्स होतं. ते मिळालं त्या दिवशी तिच्या बाबांनी, रेल्वेतून निवृत्त झालेल्या यशवंतरावांनी, अख्ख्या ब्राह्मणपारा मोहल्ल्यात पेढे वाटले होते. त्यामुळे या विषयावर बोलताना तिचा आवाज जरा चढायचाच.

"जे आपलं काम नाही त्याले हात नाही लावायचा. त्याच्यासाठी माणूस बोलवायचा."

"सगळ्याच कामात?"

"सगळ्याच," ती ठसक्यात म्हणाली. पुढे कितीदा तरी तिला वाटलं, तेव्हा आपली जीभ जरा आवरली असती तर...

मग ते काम काही केल्या संपेना. कधी ब्रॅकेट तिरपं, कधी नळी आखूड. एकदा तर नुसता एक नट ढिला होता.

"हा तर तुम्ही कसू शकले असते," ती म्हणाली.

"कसला असता तर तुम्ही आल्या असत्या काय?"

पूर्णिमा नटाकडेच बघत राहिली. पाना हातातल्या हातात फिरत होता. त्या दिवसापासून तिनं त्याला भैया म्हणणं सोडलं. दुकानात येणारे सगळे भैया होते; हा एकटा त्यातून बाहेर पडला.

एसी सुरू झाला त्या दुपारी लोकेशनं कूलरच्या सवयीनं खिडकी उघडली. तिनं ती लावायला हात पुढे केला, त्यानंही केला... आणि कडीवर दोघांची बोटं क्षणभर एकमेकांत राहिली. लूच्या गरम वाऱ्याचा आवाज बाहेर राहिला.

"पूर्णिमाजी, एक गोष्ट—" तो म्हणाला आणि थांबला. मग मान हलवून हसला. "राहू द्या. हे माझं काम नाही."

तिला काहीच कळलं नाही. कळलं ते पुढच्या आठवड्यात, यज्ञेश्वरकाका घरी आले तेव्हा. रायपूर ते दुर्ग निम्म्या मराठी घरांची लग्नं या काकांनी जुळवलेली. लोकेशचं स्थळ घेऊन ते आले होते. चहा झाला, पोट्टीचं कौतुक झालं, आणि मग काकांनी आपल्या मनानंच पुढचंही ठरवून टाकलं. लग्नानंतर शिडीवर चढणं बंद, लायसन्स कपाटात. मुलाचंही तेच म्हणणं आहे, असंही त्यांनी वर जोडलं. यशवंतराव लेकीकडे बघत राहिले. पूर्णिमा स्वयंपाकघराच्या दारातूनच नको म्हणाली. लोकेशनं अशी अट घालावी, तीही दुसऱ्याच्या तोंडून, याचा तिला भयंकर राग आला होता. राग दिवाळीपर्यंत टिकला. मग नुसतं दुखणं उरलं.

पुढच्या उन्हाळ्यात शंकर नगरातला लोकेशचा एसी उतरवायचं काम दुकानात आलं. दुसऱ्या कुणाला पाठवता आलं असतं. तीच गेली.

घरात खोकी बांधलेली होती. लोकेशनं परत भोपाळला बदली मागून घेतली होती. नळ्यांतला गॅस बाहेरच्या युनिटमध्ये गोळा होईपर्यंत तिथून हलता येत नव्हतं, आणि गप्प राहणंही तिला जमेना.

"लायसन्स कपाटात ठेवायले सांगणाऱ्याच्या घरी मी यायलेच नको होतं."

"कोणी सांगितलं?" त्याचा चेहराच उतरला. "मी असं म्हणेन? तुमचं काम पाहूनच तर मले..."

"मग स्वतः काहून नाही विचारलं? मी इथंच तर होती."

"तुम्हीच म्हणाल्या होत्या. माणूस बोलवायचा."

पूर्णिमाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं तिचा शब्द इतका पाळला होता, आणि तिनं एकदाही त्याला विचारलं नव्हतं. दोन मोहल्ल्यांपलीकडे तर राहत होता. विचारायला कुठलं लायसन्स लागत होतं?

"आता..." ती म्हणाली.

लोकेश बोटातली अंगठी फिरवत राहिला. "बैतूलले साक्षगंध झालं. होळीनंतर." मग म्हणाला, "चांगली पोट्टी आहे. तिचा काही दोष नाही."

"नाही," पूर्णिमा म्हणाली, आणि वॉल्व्ह घट्ट बंद केला.

एसी उतरला. भिंतीत भोक तेवढं राहिलं. त्यातून गरम वारा आत येत होता. लोकेशनं पाटीत थोडं सिमेंट कालवून ठेवलं होतं.

"हे तर मले भरता येते ना?"

"हव," ती म्हणाली. "आधी आतून पाणी मारून घ्या. नाहीतर सिमेंट धरत नाही."

ती जिना उतरून स्कूटीजवळ आली, तोवर वरच्या भोकातून पाणी बाहेर आलं आणि भिंतीवरून ओघळत तिच्या समोर खाली उतरलं. उतार अगदी बरोबर होता.